काकूने घराची कॉलर उलटवली

माझी काकू शिवणकाम करते. नवं शिवणारे पैशाला पासरी मिळतात, काकू जुन्याला हात घालते. झिप बदलायची, पॅन्टची लांबी कमी करायची, उसवलेलं सांधायचं. आणि सगळ्यात लाडकं काम म्हणजे शर्टाची कॉलर उलटवणं. मानेशी घासून कॉलर विरली की काकू ती उसवते, फिरवते आणि परत लावते. विरलेली बाजू खाली जाते, कोरी वर येते आणि शर्ट आणखी काही वर्षं मिरवतो. "टाकून द्यायला काय लागतं? अक्कल लागते ती उलटवायला," असं ती म्हणते, आणि म्हणताना बहुतेक वेळा काकांकडे बघते.

काका म्हणजे हट्टीपणात आमच्या घराण्याचे शिरोमणी. मीही त्याच घराण्यातली, तेव्हा मला बोलायचा हक्क आहे. ते धक्क्यावर क्रेन चालवायचे. घर धक्क्याला लागूनच, दार उघडलं की समोर पाणी. तेव्हा सगळ्या शहराचंच तोंड पाण्याकडे होतं. बोटी लागायच्या, माल उतरायचा, आणि त्या मालाच्या मागोमाग वखारी, बँका, खानावळी, न्हावी, शिंपी असे सगळे काठाने दाटीवाटीने येऊन बसले होते. काका वर केबिनमध्ये. स्वयंपाक झाला की काकू दारात उभी राहून लाल फडकं हलवायची. काका वरून बघायचे आणि हात धुऊन ताटावर हजर व्हायचे.

मग बोटी मोठ्या झाल्या. आमच्या उथळ पाण्यात त्यांचं पोट टेकायला लागलं, म्हणून धक्का लांब खोल पाण्यात गेला. तिथल्या क्रेन निराळ्या, त्या चालवणारी माणसंही निराळी. काकांना घरी बसवलं. वखारींना कुलपं लागली, काठाला कचरा साठला, वास सुटला, आणि शहराने हळूच कूस बदलली. सगळी दुकानं रस्त्याकडे तोंड करून बसली. काकांनी तर कमालच केली. पाण्याकडचं दार स्वतःच्या हाताने विटा लावून बुजवलं आणि तिथे बाथरूम बांधलं.

"ज्या पाण्याने माझ्याकडे पाठ फिरवली, त्याला माझी पाठच बघू दे," म्हणाले.

आंघोळीच्या वेळी अगदी तसंच होत असणार, पण हे त्यांना सांगायची माझी छाती झाली नाही.

काकूने मुकाट्याने मशीन रस्त्याकडच्या खोलीत हलवलं. बरीच वर्षं निभावलं. मग शहराबाहेरून मोठा रस्ता झाला, वर्दळ तिकडे वळली आणि आमच्या रस्त्यावर गिऱ्हाईक म्हणून फिरकेना. एकदा मी गेले तेव्हा काकू सुई ओवत होती, आणि दोरा काही नेढ्यात जाईना. बघते तर डोळे भरलेले.

"महिनाअखेर मशीन विकून टाकते," ती म्हणाली. "मग काय, जेवायला उठायचं आणि जेवून बसायचं."

मशीनशिवाय काकू? मला विचारही करवेना.

गंमत बघा, त्याच सुमारास आमच्या बाथरूमच्या पलीकडे पाण्याचे दिवस फिरले होते. नगरपालिकेने गाळ काढला, फरशी घातली, बाकं टाकली. वखारींची हॉटेलं झाली. संध्याकाळ झाली की अख्खं शहर तिथे पाय मोकळे करायला लोटायचं. आणि आम्ही त्या गर्दीला काय दाखवत होतो? बाथरूमची खिडकी!

एका संध्याकाळी काका तोंडाला साबण लावून उभे होते आणि त्या खिडकीवर टकटक झाली.

"अहो, आत शिलाई मशीनचा आवाज येतोय. झिप बसवून मिळेल का? फार अडचण झालीय हो!"

"हे बाथरूम आहे!" काका गरजले.

"तेही चालेल," बाहेरचा माणूस काकुळतीने म्हणाला.

काकूने काकांना टॉवेलसकट बाहेर काढलं आणि खिडकीतून पॅन्ट आत घेतली. ते गृहस्थ बायकोची शाल कमरेला गुंडाळून बाकावर बसून राहिले. बातमी पसरायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी पिशवीचा तुटका बंद आला, मग कोटाचं बटण, मग छत्री. काकांना गिऱ्हाइकांच्या सोयीने आंघोळ करावी लागायला लागली. पण बाथरूमच्या खिडकीतून दुकान किती दिवस चालणार? कपड्यांना ओल लागायची, आणि निम्मी माणसं तर लाजून पुढे निघून जायची.

"अहो, ऐका माझं," काकू शेवटी म्हणाली. "बाथरूम पाडू आणि दार उघडू. घर उलटवून लावू, कॉलर लावते तसं."

"मी जिवंत असेपर्यंत नाही. त्या पाण्याचं तोंड बघायचं नाही मला."

"नका बघू. मला माझं गिऱ्हाईक बघू द्या."

"नाही म्हणजे नाही!"

महिना संपत आला होता. मशीन घेणारा येऊन, चाक फिरवून, पसंत करूनही गेला.

अशात एका सकाळी एक बाई खिडकीपाशी उभी राहून फोनवर मैत्रिणीला पत्ता सांगत होती. "अगं, ती जुनी पिवळी क्रेन आहे ना, तिच्या बरोब्बर समोरची खिडकी." आत काका दाढी करत होते. त्यांचा हात थांबला. त्यांच्या लेखी ती क्रेन केव्हाच भंगारात गेली होती. ते स्टुलावर चढले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी पाण्याकडे डोकं काढलं. क्रेन होती तिथेच उभी होती. शोभेला ठेवलेली, पिवळीधमक रंगवलेली.

मला वाटलं, आता काकांना भरून येणार. कसचं काय!

"पिवळा?" ते ओरडले. "माझ्या क्रेनला पिवळा रंग? कुठल्या गाढवाने फासला?"

अर्धी दाढी तशीच ठेवून ते भांडायला निघाले. पण जाणार कुठून? पाण्याकडे दार नाही! रस्त्याने सगळ्या आळीला वळसा घालून गेले, तिथल्या रखवालदाराशी कडाकडा भांडले आणि धापा टाकत परत आले. आल्यावर आठवलं, हूक उलटा टांगलाय हे सांगायचं राहिलं. पुन्हा गेले. दुसऱ्या दिवशी दोरखंडावरून भांडायला गेले, नंतर शिडीवरून. गुडघे कुरकुरायला लागले, पण भांडण काही संपेना.

मग एका सकाळी मी गेले तर घरभर धुरळा. काका घण घेऊन आपणच लावलेल्या विटा पाडत होते.

"काका, हे काय?"

"भांडायला जायला वळसा पडतो," ते म्हणाले. "कुणाच्या दुकानासाठी करतोय असं कुणी समजू नये."

"नाही हो, कोण समजतंय," काकू म्हणाली आणि खाली बसून विटा उचलायला लागली. मशीन घेणारा आला, त्याला तिने बाहेरूनच वाटेला लावलं.

आता मशीन पाण्याकडच्या दारात असतं आणि काकूला मान वर करायला फुरसत नसते. बाथरूम गेलं रस्त्याच्या बाजूला. काका दिवसभर क्रेनपाशी असतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून धरून ती कशी चालायची ते सांगतात. रखवालदार त्यांना स्वतःची खुर्ची देतो. रंगाचं भांडण मात्र अजून चालू आहे.

परवा दुपारी मी तिकडेच होते. स्वयंपाक झाला तशी मी उठले. "काकांना हाक मारून येते."

"थांब," काकू म्हणाली. चिंध्यांच्या पिशवीतून तिने एक लाल तुकडा शोधून काढला, दारात जाऊन उभी राहिली आणि हलवला.

तिकडे काका कुणाला तरी तावातावाने काही समजावत होते. बोलता बोलता मध्येच थांबले. दाराकडे बघत राहिले. मग समोरच्या माणसाला तसंच सोडून भराभर घराकडे चालायला लागले, गुडघ्यांची पर्वा न करता.

मला रडू आलं, खोटं कशाला बोलू? काकूने तुकडा घडी करून मशीनच्या खणात ठेवला.

"बघत काय बसलीस? ताटं घे," ती म्हणाली. "आणि त्यांना सांग, हात धुवायचे तिकडे, रस्त्याच्या बाजूला. रोज विसरतात आणि ओले हात घेऊन माझ्या दुकानात फिरतात."