ताईचा नवस आणि माझा रिपोर्ट

साखरप्याहून आम्ही तीसेक माणसं जोतिबाला चालत निघालो, तेव्हा पुरतं उजाडलंही नव्हतं. चार दिवसांची वाट, आणि पहिल्याच दिवशी आंबा घाट चढायचा. ताईचं सासर साखरप्याजवळच्याच एका वाडीत. मी पालीला राहते, शाळेत क्लार्क आहे. त्याच्या दोन वर्षं आधी माझ्या छातीतली गाठ काढली, तेव्हा ताई जोतिबाला बोलली होती, ‘माझी बहीण बरी होऊ दे, तिला घेऊन अनवाणी चालत येईन.’ माझे उपचार संपले, केस परत आले, आणि गेल्या चैत्रात ती नवस फेडायला निघाली.

निघायच्या दोन दिवस आधी माझ्या मोबाईलवर नवा रिपोर्ट आला होता. दुसऱ्या बाजूला गाठ दिसत होती. डॉक्टरांनी ताबडतोब बोलावलं होतं. मी ‘आठवड्याने येते’ म्हणाले आणि कुणालाच काही बोलले नाही. ताईने तोवर वाडीभर सांगून ठेवलं होतं, की आता बहीण ठणठणीत आहे.

सकाळी बरं चाललं होतं. ‘चांगभलं’चा गजर होई, बायका हसत होत्या, सामानाचा टेम्पो मागून सावकाश येत होता. दहानंतर डांबर तापलं. ताई रस्त्याच्या कडेच्या गवतावरून चालू लागली, तिथे खडी टोचायची म्हणून पुन्हा डांबरावर यायची. मी माझ्या बुटांकडे बघत चालत होते.

घाटातल्या एका वळणावर ती कठड्याला टेकली. मी तिचे पाय मांडीवर घेतले. दोन्ही टाचांना फोड आले होते, एक फुटून त्यात माती गेली होती. मी बाटलीतलं पाणी ओतलं, तर तिने दात आवळले आणि वर हसून म्हणाली, “तू बरी झालीस ना गो, मग हे काहीच नाय.”

मला ते ऐकवेना. “ताई, मी बरी नाही,” मी म्हणाले. “दुसरीकडे गाठ आलीय.”

तिने पाय माझ्या मांडीवरून काढून घेतले.

“कधी कळलं?”

“परवा.”

“आणि आज सांगतेस?”

“तुझं मन मोडवेना.”

“मन नाय गो, पाय मोडलेस माझे,” ती म्हणाली. मग आवाज चढला. “देवाच्या पायरीवर उभी राहून मी काय बोलणार होते? माझी बहीण बरी केलीस म्हणून? मला तिथं खोटी उभी करणार होतीस?”

मला वाटलं होतं ती रडेल. ती रागावली होती. मी एवढंच म्हटलं, “आता निघालोच आहोत, तर देवळापर्यंत जाऊ.”

“डॉक्टर कोल्हापुरातच ना तुझा?”

मी मान हलवली. तिने टेम्पो थांबवला, सामानातून आपल्या चपला काढल्या आणि फोडांवरच चढवल्या. बरोबरच्या माणसांना म्हणाली, हिला बरं वाटत नाही, आम्ही पुढे होतो. टेम्पोने आम्हाला घाटमाथ्यावरच्या आंबा गावापर्यंत सोडलं. तिथून कोल्हापूरची एसटी मिळाली. मलकापूर येईपर्यंत ती खिडकीबाहेरच बघत होती. तिथे गाडी थांबली तेव्हा तिने विचारलं, “दुखतं का?”

“नाही.”

“खरं सांग.”

“थोडं,” मी म्हणाले.

त्याच आठवड्यात दुसरं ऑपरेशन झालं. ताई वीस दिवस माझ्याजवळ राहिली. वेणी घालायची, जेवू घालायची, पण कठड्यावरचं बोलणं तिने पुन्हा काढलं नाही आणि मलाही धीर झाला नाही. परवा ती पालीला माझ्याकडे आली असताना तिला वाडीतून फोन आला, यंदा बहिणीला घेऊन चालत येणार का म्हणून. ताई म्हणाली, “अजून तपासण्या चालू आहेत तिच्या. आत्ता काय सांगू?”