आजीच्या तिथीला

"वन्संला बिस्किटाचा पुडा फोड गं. पित्तराचं त्या खायच्या न्हाईत," स्वयंपाकघरातून मामी सुनेला म्हणाली. आवाज हळू होता, पण आम्हाला ऐकू येईल इतकाच हळू.

ओसरीवरून मामा गरजला, "खायची न्हाई म्हंजे? आईच्या पित्तराला आलीय ती. पयलं पान तिला वाढ."

आईने माझ्याकडे पाहिलं. आज पितृपक्षातली आजीची तिथी आहे हे आम्हा दोघींना तेव्हा कळलं. आमच्या घरी तिथी कुणी बघत नाही. भिंतीवर चर्चचं कॅलेंडर असतं. ज्या शाळेत मी इंग्रजीतून शिकले, तिथल्याच वसतिगृहात आई स्वयंपाक करते. गुरुवारी तिला सुट्टी असते, म्हणून आम्ही गुरुवारी अंबाजोगाईहून घाटनांदूरला आलो होतो.

मामा तिच्याशी सहा वर्षांनी बोलत होता. आजीच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. एकेक जण पुढे होऊन हात जोडत होता, आजीला काही ना काही कबूल करत होता. मामा आईला म्हणाला, तुझ्यात जीव अडकलाय तिचा, तू बोल. आईने हात जोडले नाहीत. पप्पांच्या आजारपणात ती प्रार्थनेला जाऊ लागली होती. पप्पा गेले, प्रार्थना राहिली. गेलेल्या माणसाशी बोलायचं नाही, जे बोलायचं ते देवाशी, हे तिने घट्ट धरलं होतं. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि सगळे उठले. मामा तिच्याकडे न बघता निघून गेला.

तेव्हापासून चर्चमध्ये प्रभुभोजनाचा प्याला, ज्यातून सगळे एकेक घोट घेतात, समोर आला की आई तो तसाच पुढे देते. भावाशी अबोला ठेवून तो घ्यायचा नाही, असं ती मानते. मी शेजारी बसलेली असते. तिच्या हातातून प्याला माझ्याकडे येतो, आणि दर वेळी मला तो घेताना लाज वाटते.

"काय मॅडम, मराठी येती का इसरलात?" मामाने मला विचारलं. मी तोंड न उघडता हसले. त्या घरात मी कायम तशीच हसते.

त्याने आईला स्वतः पाण्याचा तांब्या आणून दिला. मग सोयाबीन, म्हैस, बंद पडलेलं बोअर, असं कितीतरी बोलला. आई डोक्यावर पदर घेऊन ऐकत होती. मला वाटत होतं, हिने आता काही बोलू नये. जेवावं आणि निघावं.

ती म्हणाली, "दादा, मी माफी मागायला आले. सहा वर्षं तुझा राग धरला मनात. देवापुढं कबूल केलं, आता तुझ्यापुढं करते."

मामाचे डोळे भरून आले. "जाऊ दे बाई. आलीस, झालं. चल, पान ठिवू."

जिना चढून आम्ही वर स्लॅबवर गेलो. त्याने कावळ्यांसाठी पान ठेवलं. खीर, कढी, भजी, कारल्याची भाजी. समोरच्या तारेवर दोन कावळे बसले होते.

"म्हन, आई, मी आले. येवढंच म्हन."

आईचे हात पदरात होते. "ते नाही व्हायचं दादा. मला ठाऊकच नव्हतं आज तिथी आहे."

"म्हंजे पित्तराला न्हाई आलीस?"

"नाही."

हो म्हणायला काय लागलं असतं? पण आई खोटं बोलत नाही.

"मग माफी कशाची मागतीस? त्या दिशी हात जोडले न्हाईस, त्याची?"

आईने नकारार्थी मान हलवली.

"त्याची न्हाई ना? मंग कावून आलीस गं येवढ्या लांब? ने ती माफी माघारी."

तो पाठ करून उभा राहिला. जिन्यात मामी होती. "म्या म्हनलंच हुतं," म्हणत तिने बिस्किटाचा पुडा माझ्या हातात दिला. "वाटंनं खावा."

आईने माझं मनगट धरलं आणि जिन्याकडे वळली. येत्या रविवारीही प्याला तसाच पुढे जाणार, हे मला तिच्या पकडीवरून कळलं. मी मागे वळून पाहिलं. कावळे तारेवरच होते. मामाने एकट्यानेच हात जोडले होते.

मी मनगट सोडवून घेतलं. आई थांबली. काय होतंय ते तिला कळलं असावं, कारण तिने हळूच "नको" म्हटलं. मी परत पानाजवळ गेले आणि त्या घरात पहिल्यांदाच सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"आजी, आई आलीय."