बिनपायाच्या जिवाची येळवस

दत्ताअण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी हळ्ळीखेडच्या शाळेत फळा पुसत होते. हैदराबादहून वहिनी एवढंच बोलल्या, "ताई, ह्ये झोपेतच गेले..." आमच्या गावी, कोहिनूरला जाऊन आईला सांगायचं काम माझ्याकडे आलं. ऐकून ती म्हणाली, "मला न सांगताच गेला की गं."

माझा हा थोरला भाऊ म्हणजे आमच्या घरातला न मिटलेला वाद. काळ्या रानात वाढलेला माणूस जन्मभर समुद्राच्या तळाचा अभ्यास करत राहिला, आणि तळही आजचा नव्हे, पन्नास कोटी वर्षांहून जुना! त्या चिखलाचा दगड झाला, त्यात पहिल्यावहिल्या प्राण्यांचे ठसे राहिले, ते बघायला हा देशोदेशी हिंडायचा. घरी आला की चप्पल काढायच्या आत आई विचारायची, "परत कवा जायलास?" लेक हातचा गेला, हे तिच्या मनात पक्कं बसलं होतं.

एका येळवसीला अण्णानं अशाच एका ठशाची प्लास्टरची प्रतिकृती आणली. येळवसीला, म्हणजे वेळ अमावास्येला, आम्ही सगळे शेतात जेवायला जातो आणि कडब्याच्या झोपडीत, म्हणजे कोपीत, पाच दगडांना चुना लावून पांडव म्हणून पूजतो. त्या दिवशी आईला पाचवा दगड मनासारखा मिळेना. तिनं अण्णाच्या पिशवीतला ठसा काढला, चुना फासला आणि मांडला पांडवांत! मी कपाळावर हात मारला. अण्णानं आधी हळदकुंकू वाहिलं, मग पोट धरून हसला. "ह्यो सगळ्यांत थोरला पांडव."

"पाला हाय का ह्यो?" आईनं विचारलं.

"न्हाई आई, जनावर हाय. तोंड न्हाई, पाय न्हाईत. उजेड पोचत न्हाई असल्या खोल समिंदराच्या बुडाला एका जागी बसायचं."

"मग पसरलं कसं?"

अण्णानं बांधावरची हरळी उपटून पेरापेराला फुटलेलं मूळ दाखवलं. त्या जनावरातही असेच आईपासून धागे निघायचे आणि पिल्लं तिच्या शेजारीच रुजायची. काही बारीक कण मात्र सुटून पाण्याबरोबर लांब जायचे आणि तिकडे नवी वस्ती करायचे. "निदान दगड बघून आम्हाला तसं वाटतं," असंही त्यानं जपून सांगितलं.

आईनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "वाहून गेल्यालं परत आलं का रं आईकडं?"

अण्णाला खोटं बोलणं कधी जमलंच नाही. "न्हाई आई. त्याला पाय न्हाईत..." हातातली हरळी खाली ठेवून म्हणाला, "मला हैत."

त्यानंतर त्यानं एकही येळवस चुकवली नाही. हिरव्या शेंगाभाज्यांची भज्जी खाऊन सुस्तावलेला अण्णा कोपीत घोरायचा आणि आई त्याच्या पायांवर टॉवेल पांघरायची. तिचं "परत कवा जायलास?" मात्र सुटलं नाही.

अस्थींचा विषय निघाला तेव्हा भावकी म्हणाली, मांजरा नदी जवळ आहे, तिथंच सोडू, डोळ्यांसमोर राहील. मलाही तेच हवं होतं. आता तरी त्यानं जवळ राहावं, असं फार वाटत होतं. भिंतीला टेकून बसलेल्या आईनं उभ्या जन्मात समुद्र पाहिलेला नाही. तीच म्हणाली, "मांजऱ्यात कामून? समिंदराला न्या. जल्म गेला त्याचा दगडं बघण्यात, बूड कुठं बघितलं त्यानं?"

वहिनी आणि मी निघालो तेव्हा ती दारापर्यंत आली. माझं मनगट घट्ट धरून म्हणाली, "नावंत बसून लांब जावा. कडंला सोडू नगंस, सुमन... लाट माघारी आणंल त्याला."