बरणीवरचा डोळा

दुबईच्या बाजारात सुक्या अंबाडीच्या बोंडांचा वास आला, की नव्वदच्या दशकात आमच्या ऑफिसात असलेला ब्राझीलचा जपानी आठवतो. युद्धानंतर शेतजमिनीचं आश्वासन देऊन जपान सरकारनंच त्याच्या आईवडिलांना बोटीनं ब्राझीलला धाडलं होतं, तेही बंदरावर बँड लावून. लंचला सगळे त्याचीच गोष्ट ऐकत आणि मी जळून कोळसा होई, कारण मला एजंटनं आणलेलं, आणि माझा बँड म्हणजे विमानतळावर रडणाऱ्या सासूबाई. शेवटी मी बोललोच, "तुम्ही बाबा सरकारी जावई." तो हसला आणि मिठात मुरलेली लाल बोंडं माझ्यापुढे सरकवली. "जमीन म्हणजे नुसतं जंगल निघालं, हबीबी. लोणच्याला जपानातलं आंबट फळ तिथे मिळेना, म्हणून आई ही घालायची. तुझ्या बरणीतलं लिंबाचं कुणी केलं?" मी ऐटीत म्हणालो, "आईनं. गेल्या आठवड्यात शेजाऱ्यांबरोबर पाठवलं." माझ्या बरणीवरची नजर न काढता तो म्हणाला, "माझ्या आईला तिच्या आईकडचं कधीच काही आलं नाही." मी बरणी त्याच्याकडे सरकवली, पण झाकण हातातच ठेवलं. आता माझी आई नाही, आणि कुणाच्या बॅगेतून घरची बरणी निघाली, की मी पुन्हा तसाच जळतो.