पेन ड्राइव्ह झिजणारच!

पेन ड्राइव्ह मेला की आमच्या घरात आनंद व्हायचा. मला नव्हे हो, सासऱ्यांना.

लग्न होऊन सणसरला आले तेव्हा कॉम्प्युटर येणारी सून म्हणून माझं कोण कौतुक! मग ओसरीलगतच्या खोलीत गावातल्या मुलींसाठी क्लास काढला आणि कौतुक आटलं. आबांना, म्हणजे सासऱ्यांना, त्या खोलीत गायींच्या पेंडीची पोती ठेवायची होती. "पोरींनी कॉम्प्युटर शिकून ऊस काय जास्त येणार हाय?" असं ते चारचौघांत विचारायचे. मला संताप यायचा.

मशिनं बारामतीच्या एका कॉलेजानं भंगारात काढलेली. एकाचीही हार्ड डिस्क धड नाही. म्हणून मी पेन ड्राइव्हवर लिनक्स, म्हणजे मशिन चालवणारी फुकटातली सिस्टीम, बसवलं. अख्खं मशिन त्या बोटभर काडीवर चालायचं, आणि झकास चालायचं. पण काही महिन्यांत काडी मंदावायची, मग काही साठवून घेईना, आणि शेवटी मशिन सुरूच होईना. आबा दारात हजर. "गेला का अजून एक? व्होल्टेजचं काम हाय ते. हितं मोटारी जळत्यात, तुझी काडी काय टिकतीय!" सगळ्यांना ते पटायचं. मलाही पटलं. स्टॅबिलायझर आणला, तरी पेन ड्राइव्ह मरायचे ते मेलेच. मग आबांनी जाहीर करून टाकलं, आता एक जरी गेला तरी खोली पोत्यांची.

मी इरेला पेटले. शोधशोध शोधलं तेव्हा कळलं, बिचाऱ्या व्होल्टेजचा काही दोष नव्हता. आमच्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही, त्यामुळे कॉम्प्युटरवर बसणारा माणूस ओळ लिहितो न लिहितो तोच सेव्ह करतो. मी तर मशिनलाच सांगून ठेवलं होतं, दर मिनिटाला सेव्ह कर. वर सिस्टीमही आपली आपण सारखं काहीबाही लिहीत बसायची. आणि पेन ड्राइव्ह वाचून झिजत नाही, लिहून झिजतो. लिही, पूस, परत लिही, असं करता करता त्याचा एकेक कप्पा निकामी होतो. लाइटीच्या धाकानं आम्हीच त्याला मारत होतो.

मग तात्पुरतं सगळं लिहिणं मी रॅममध्ये, म्हणजे मशिनच्या आतल्या कच्च्या पाटीवर, वळवलं. तिथं कितीही लिहा, झिजायची भीती नाही. फक्त लाइट गेली की सगळं साफ. मुलींना बजावलं, पान पुरं झाल्याशिवाय सेव्हला हात लावायचा नाही.

"अवो मॅडम, आन् लाइट गेली तर?"

"गेली तर परत टाइप करायचं. बोटं काय लाइटीवर चालत्यात व्हय?"

लाइट जायचीच. मुली कपाळावर हात मारून घ्यायच्या, मनातल्या मनात मला शिव्याही देत असतील. पण परत टाइप करायच्या. हात असा बसला एकेकीचा की बघत राहावं! पेन ड्राइव्हही टिकायला लागले.

एक मात्र आधीच पार झिजलेला होता. तो परवा गेला, भर क्लासात. पेंडीची ट्रॉली नेमकी तेव्हाच दारात आली होती. आबा आत आले. "बास झालं आता. खोली रिकामी कर."

मुली दप्तरं उचलायला लागल्या आणि माझं टाळकंच सरकलं.

"बसा गं खाली! आबा, ऊस वाहून वाहून ट्रॅक्टरचे टायर झिजतात का नाही? झिजले म्हणून कधी ट्रॅक्टर विकलात?"

"त्याचं काय हितं?"

"तेच हाय हितं. वापरलं की झिजणारच. उद्या अजून एक जाईल, परवा अजून एक. मी नवा लावीन. खोली मिळायची नाही."

"लई बोलाया लागलीस."

"व्हय, लागले."

दुसरा पेन ड्राइव्ह लावला, मशिन सुरू झालं. मुली खालमानेनं टाइप करायला बसल्या. बाहेरून ट्रॉलीवाला ओरडला, "आबा, पोती कुठं उतरवू?"

आबांनी माझ्याकडं बघितलं. शेवटी मीच ओरडून सांगितलं, "गोठ्यात!"