मण्याच्या आत जाणारा निरोप

द्राक्षाच्या ओल्या पानांचा वास आला की आमची बाग आठवते. मणी फुगावेत म्हणून एकेक घड संजीवकाच्या, म्हणजे वाढीच्या औषधाच्या, मगात बुडवताना, दिवसभर हात वर धरून आमचे खांदे भरून आले होते. वडील एकटे पडतात, म्हणून सांगलीचं कॉलेज सोडायचं मी ठरवलं होतं. बांधावर टेकल्यावर ते म्हणाले, “एवढ्याशा औषधानं फुगायचं हे मण्याला कळतं कसं रं?” मी चाचरत सांगितलं, “पेशीत निरोप घेणारे रिसेप्टर असतात, आप्पा. ते पुढं निरोप धाडतात.” “कुणाकुणाच्या हातनं?” “ते अजून कुणालाच नीट ठावं न्हाई.” “आन् तू हितं घड बुडवत बसणार व्हय? जा, शोध की गड्या!” मी सांगलीला परतलो; उरलेले घड त्यांनी एकट्यानं बुडवले. निरोपाची ती वाट शास्त्रज्ञांना आता बरीचशी कळली आहे; वर्गात मुलांना ती फळ्यावर काढून दाखवताना खांदे मात्र अजून भरून येतात.