भोवऱ्याचा ड्रॅगन

आमच्या हितोयोशीत केइजो इनुदोसारखा हलक्या हाताचा न्हावी नाही, हे मी आजही म्हणते. पण पत्ते दिसले की या माणसाची अक्कल गहाण पडते. साधे पत्ते नव्हेत. बदाम-किलवर सोडून ज्यांवर भलतंच काही असेल ते. घंटा, मासे, छत्र्या! गिऱ्हाईक अर्धी दाढी करून ताटकळतंय आणि हा त्याला छत्रीची राणी दाखवतोय.

त्यातही खरा जीव आमच्या गावच्या जुन्या पत्त्यांवर. दांडे, तलवारी, पेले, नाणी, भोवरे, असे पाच रंग. हातानं रंगवलेला एक जोड त्याच्याकडे होता, पण नदीचा पूर दुकानात शिरला आणि त्यातला भोवऱ्याचा ड्रॅगन वाहून गेला. बाकी दुकानाचा चिखल झाला त्याचं काही नाही, रडला तो त्या एका पानासाठी.

तसला दुसरा जोड फक्त सेत्सुआजींचा. रविवारी दुपारी देवळामागच्या खोलीत आम्ही त्याच जोडानं खेळतो, चौघं विरुद्ध चौघं. भिडूला तोंडानं खुणा करायची मुभाच असते. ड्रॅगन असला की समोरच्यांची नजर चुकवून गाल फुगवायचा. आजी सगळ्यांत पक्क्या. लांबचे चेहरे त्यांना दिसतात, हातातलं पान मात्र धूसर. ते त्या बोटांनी ओळखतात. पानांच्या कडा सुटल्या, म्हणून त्यांनी जोड केइजोकडे चिकटवायला दिला.

जोड परत आला आणि पहिल्याच डावात आजींनी एक पान चाचपलं. पुन्हा चाचपलं. मी त्यांची भिडू, म्हणून मला दाखवलं. "हे कुठलं गं, फुमिए?"

"अहो आजी, ड्रॅगन की!"

त्यांचा चेहरा उतरला. "संपलं म्हणायचं. डोळे गेले, आता बोटंही गेली. मी कशाला जागा अडवू?" आम्ही किती विनवलं, पण त्या उठल्याच. केइजो मात्र चहाच्या पेल्यात तोंड घालून बसला.

आजी यायच्या थांबल्या. घरात चहा ओतायलासुद्धा सुनेला हाका मारू लागल्या. मला वाईट वाटत होतं, पण म्हातारपण आहे, करता काय?

मग एके दिवशी मी चेहऱ्यावरची लव काढायला केइजोकडे गेले, तर त्यानं मला कापलं. त्यानं!

"काय हो, मासा सोलताय का?"

वस्तरा ठेवून तो मटकन खाली बसला. "खरा ड्रॅगन माझ्याकडे आहे, फुमिए-सान. आजींच्या जोडात मी नक्कल घातली. चहाचा डागसुद्धा हुबेहूब काढला होता हो."

"वर कौतुक सांगतोस? लाज वाटत नाही?"

"वाटते. रोज त्यांच्या दारापर्यंत जातो आणि परत येतो. त्यांची बोटं मी पळवली." आणि ढसाढसा रडायला लागला.

"रडतोस काय? ऊठ, मेल्या!" अर्ध्या चेहऱ्याला साबण तसाच ठेवून मी त्याला आजींकडे ओढत नेलं.

त्यानं पान आजींच्या हातात ठेवलं. आजींचा अंगठा कोपऱ्यावर थांबला. "हे माझ्या लेकाचे, काझुओचे दात. दात येताना हा कोपरा चावला होता त्यानं." तो दातांचा खळगा केइजोनं पाहिलाच नव्हता, त्यानं नुसतं चित्र पाहिलं होतं.

"म्हणजे माझी बोटं शाबूत आहेत!" आजी हसल्या, मग डोळे पुसले. केइजोनं चटईला कपाळ टेकलं. "मला हाणा, आजी."

"हाणून काय होणार? रविवारी खेळायला या."

आता आजी येतात, जिंकतातही. फक्त ड्रॅगन हाती आला की आधी कोपरा चाचपतात आणि मोठ्यानं म्हणतात, "आहे." सगळ्या खोलीला कळतं आणि हातचा डाव जातो.

"आजी, मनातल्या मनात बघा ना!" मी चिडते.

"पूर्वी बघावंच लागत नव्हतं गं," त्या म्हणतात.

समोर केइजो आपल्या पानांत डोकं घालून बसतो.